बाबांसाठी चारचाकी सायकल बनवली, त्यातल्या चेन-फ्रीव्हीलचा माझा अनुभव

बाबांनी आयुष्यभर बावीस इंची सायकल दामटली, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून उतरताना तोल जायला लागला म्हणून घरच्यांनी सायकल बंद केली आणि माणूस पार कोमेजला. म्हटलं दोघं शेजारी शेजारी बसून पायडल मारू अशी चार चाकांची गाडी आपणच बनवू. फ्रेमचं काय, चौकोनी पाइप आणि ओळखीचा वेल्डिंगवाला, झालं काम. डोकं खाल्लं ते चेनच्या भानगडीने.

आधी वाटलं मागे एकच शाफ्ट, बेअरिंगवर, दोन्ही चाकं त्यालाच फिक्स. तात्पुरतं लावून ढकललं तर गाडी वळेचना, टायर घासत सरळच पळायला बघते, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि शाफ्ट दोघांना सारखंच फिरवतो. एकाने सुचवलं रिक्षाचा डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारी गिअरपेटी) टाक. अहो ते धूड पायाने ओढायचंय! एकाच चाकाला चेन द्यायची हा सोपा पर्याय होता, पण माझी खरी अडचण वेगळी, बाबांचा आणि माझा पाय एका स्पीडला फिरणार नाही, आणि दोघं एकाच चेनवर बसवले तर मी जोर लावला की त्यांच्या गुडघ्याला मुकाट फिरावं लागणार. म्हणून ठरवलं, ज्याचा त्याचा क्रँक (पायडलचा दांडा), ज्याची त्याची चेन, ज्याचं त्याचं चाक. बाहेरचं चाक पुढे पळालं की त्याचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबला तरी चाक फिरू देणारी मागची दातेवाली चकती, टिकटिक करत सोडून देतं, म्हणजे डिफरन्शियलचं काम फुकटात.

इथे मी माती खाल्ली. दिसायला बरं म्हणून दोन्ही चेन बाहेरच्या बाजूला घेतल्या, म्हणजे बाबांच्या बाजूचं डावं चाक उलटं बसवून फ्रीव्हील डावीकडे. बाबा बसले, पायडल मारलं, तर टिकटिकटिक आणि गाडी जागेवर. त्यांनी पाय उलटा फिरवला तर गाडी चक्क मागे! "अरे, रिव्हर्स गिअर टाकलायस का?" शेजारची पोरं हसून हसून बेजार. फ्रीव्हील आतून एकाच दिशेला पकडतं आणि ते उजव्या बाजूसाठी बनलेलं असतं, हे लहानपणापासून हाताळूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग दोन्ही चाकं सरळ सायकलसारखीच बसवली, बाबांची चेन त्यांच्या चाकाच्या आतल्या बाजूने. भंगारातल्या दोन सायकलींचे मागचे चिमटे (मागचं चाक दोन्हीकडून धरणारा फ्रेमचा भाग) कापून फ्रेमला जोडले, त्यामुळे चाकाला दोन्हीकडून आधार मिळाला. एका बाजूने लटकवलं असतं तर सायकलचा एक्सल वाकलाच असता. चाकं २० इंची, ३६ स्पोकची घेतली, कारण चारचाकी वळताना झुकत नाही, सगळा धक्का आडवा रिंगवर येतो आणि मोठ्या चाकाला लगेच आउट येतो, म्हणजे रिंग वाकडी होते.

गिअरचा हिशोब कागदावर केला. २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जातं. नेहमीचं ४४ दात पुढे पायडलच्या चकतीला आणि १८ मागे फ्रीव्हीलला लावलं तर एका पायडलला साडेतीन मीटरच्या वर, आणि आमचं गाडीसकट वजन १८५ किलो, चढावर फेस आला असता. बाबांना पुढे ३६, मागे २२ सिंगल, म्हणजे अडीच मीटरच्या आत. मला पुढे ३६ आणि मागे १४ ते २८ वालं सात गिअरचं फ्रीव्हील.

चेन एवढी लांब लागेल असं वाटलं नव्हतं, क्रँक पुढे असल्याने प्रत्येकी जवळजवळ अडीच चेन जोडाव्या लागल्या. जुन्या बाजारातून रविवारी स्वस्तात जाड सिंगल चेन आणली होती, ती बाबांच्या बाजूला मस्त चालली पण माझ्या सात गिअरवर गिअर बदलेनात, त्याला बारीक चेनच लागते, तेवढे पैसे परत घातले. मधे चेन लोंबू नये म्हणून ताणाच्या बाजूला दातेवाली पुली आणि खालच्या बाजूला प्लास्टिक पाइप.

सपाटीवर मी स्पीड घेतला की बाबांचं फ्रीव्हील टिकटिक करतं, ते नुसते पाय ठेवून बसतात, अशा वेळी एकट्या उजव्या चाकाने गाडी किंचित डावीकडे ओढते पण हँडल धरून सांभाळता येते. गल्लीच्या तोंडाशी चढ लागला, स्पीड पडला आणि टिकटिक थांबली, बघतो तर बाबा दात ओठ खात पायडल मारतायत. परत आल्यावर आईने मात्र आधी त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावरचं ग्रीस बघितलं. आता चेनकव्हर करायला टाकलंय.