वीस महिने की बावीस?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मी मोजमापं घ्यायला होते. 1 नोव्हेंबर 2019, दिवाळी नुकतीच झालेली. अक्कलकुवा तालुक्यातला एक पाडा.

दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजतात. आईने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं. मी एका हाताने गुडघे दाबायचे, दुसऱ्याने सरकती फळी टाचांना भिडवायची. पाय आखडला की आकडा बाद. या पोराने तिसऱ्या खेपेला पाय सोडले. 79.2 सेंटिमीटर. तो आकडा चोख होता, छातीठोक सांगते.

घोळ वयाचा. अंगणवाडीच्या रजिस्टरात जन्मतारीख 1 जानेवारी 2018. त्याच पानावर आणखी चार पोरं 1 जानेवारीचीच! तारीख माहीत नसली की असं काहीतरी ठोकून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी खोड. आमच्या वडिलांना गुरुजींनी 1 जून लावला होता.

पाड्यावरच्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई, यांनी आईला तिच्या बोलीत विचारलं. उत्तर आलं, होळीच्या आठ दिवस आधी. त्या वर्षी होळी 1 मार्चला होती, म्हणजे पोर वीस महिन्यांचं. रजिस्टरप्रमाणे बावीस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्यांसाठी खुजेपणाची रेषा, म्हणजे जिच्याखाली वयाच्या मानाने उंची कमी धरतात ती, वीस महिन्यांना 78.6 सेंटिमीटर, बावीसला 80.2. रजिस्टर खरं असेल तर पोर खुजं, आई खरी असेल तर नाही.

सुपरवायझरला फोन लावला. "कागद आहे ना मॅडम? मग कागदावरची टाका. सहा घरं राहिलीत अजून." त्यांना घरं मोजायची होती. मी आईची तारीख टाकली.

पुढे अहवाल आला. पाच वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा आधीच्या फेरीपेक्षा देशात 38.4 टक्क्यांवरून 35.5 वर उतरलेला, महाराष्ट्रात मात्र 34.4 वरून 35.2 वर चढलेला. एका पोराने हे आकडे हलत नाहीत, कळतं मला. पण जन्मवर्षाची 1 जानेवारी लावली की मूल कागदावर मोठंच होतं, लहान कधीच नाही. आणि उंची तीच राहून वय वाढलं की खुजं ठरतं. चूक दोन्हीकडे झाली तर फिटून जाते, ही एकाच बाजूला कलते.

म्हणून तेव्हा तरी मी बरोबर केलं असं वाटत होतं. हल्ली आठवतं ते वेगळंच. आशाताईंना मी म्हटलं होतं, "विचारा ना, होळीच्या आधी की नंतर?" होळीचं नाव आईने नव्हे, मीच काढलं होतं.