आमची वाटचाल: ट्रॅक्टरच्या हेडपासून सहा सिलिंडरच्या इंजिनापर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत वडिलांनी एक जुनं लेथ आणि सीट कटिंगचं, म्हणजे व्हॉल्व्हची बैठक कापायचं, मशीन घेऊन दुकान सुरू केलं, तेव्हा येणारं सगळं काम डिझेलचं होतं. ट्रॅक्टर, जीप आणि बोअर मारणाऱ्या गाड्यांवरचे कॉम्प्रेसर. मराठवाड्यात आमचा धंदा पावसाच्या हातात. पाऊस चांगला झाला की ट्रॅक्टरची हेडं, म्हणजे सिलिंडरवरची व्हॉल्व्ह असलेली झाकणं, येतात. दुष्काळ पडला की ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि कॉम्प्रेसरची इंजिनं रात्रंदिवस चालून, व्हॉल्व्ह जाळून आमच्याकडे येतात. 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळात दुकान कॉम्प्रेसरवरच तगलं. त्या पैशाचा आनंद घरात कुणालाच झाला नाही.

जुन्या पेट्रोल इंजिनांकडे आम्ही वळलो ते बिनशिशाच्या पेट्रोलमुळे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिसं व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये पातळ थर धरून ठेवायचं. तो गेला की ओतीव लोखंडात कापलेली सीट झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसत जातो, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरचा, गॅप मिटतो आणि व्हॉल्व्ह नीट मिटेनासा होतो. वडील अशा हेडांना कडक सीटच्या रिंगा बसवून द्यायला लागले. बीड, परभणी, जालन्याहून लोक हेड पोत्यात बांधून आणायचे.

पहिलं सहा सिलिंडरचं हेड आलं ते जोंगाचं. जबलपूरच्या कारखान्यात 1969 पासून सैन्यासाठी बनलेली ही गाडी पुढे लिलावातून बाहेर पडली आणि कुणाकुणाच्या वाड्यात, शेतात येऊन थांबली. इंजिन 3,956 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 85.7 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 114.3, ताकद 110 हॉर्सपॉवर. कन्नडच्या एका काकांनी ती आणली आणि म्हणाले, "घाटात दम टाकायली बघा. ताकद वाढंल का हिची?"

वाढते. पण त्यासाठी आधी मोजावं लागतं, आणि आमच्या कामाचा जीव तिथंच आहे. हेड उलटं ठेवायचं, प्लग आणि व्हॉल्व्ह जागेवर बसवायचे, चेंबरवर (व्हॉल्व्हपाशी मिश्रण जळतं त्या पोकळीवर) भोक पाडलेली जाड ॲक्रेलिकची पट्टी ग्रीस लावून चिकटवायची आणि ब्युरेटमधून (आकडे आखलेल्या नळीतून) रॉकेल सोडायचं. शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. सहा चेंबरचे सहा आकडे पाटीवर लिहिले की जुन्या ओतकामात किती फरक असतो ते दिसतं. आधी सगळ्यात मोठ्या चेंबरशी बाकीचे जुळवून घ्यायचे, फेसिंग, म्हणजे हेडची खालची बाजू कापून सपाट करणं, त्यानंतर.

जोंगाचा एक सिलिंडर 659 सीसीचा. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 7 ला 1 असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा, हेडखालचं गास्केट धरून, 110 सीसी भरते. ताकदीसाठी ते 8 ला 1 करायचं तर ती 94 वर आणावी लागते, म्हणजे 16 सीसी कमी. हे गणित न करता हेडवरून 'जरा मारून द्या' म्हणणारे खूप येतात. जास्त काढलं तर पाण्याच्या जॅकेटवरची (इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीवरची) भिंत पातळ होते. शिवाय हेड खाली आलं की व्हॉल्व्ह दाबणारा रॉकरही खाली येतो, त्याला ढकलणारा पुशरॉड लांब पडतो, मग रॉकरच्या स्टँडखाली शिम (पातळ पट्टी) द्यावी लागते. सहा सिलिंडरचं हेड लांब, त्यामुळे वाकण्याची खोड फार. सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावल्याशिवाय आम्ही हेड मशीनवर चढवत नाही.

पोर्टचं, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटांचं, काम मला सगळ्यात आवडतं. लोकांना वाटतं, पोर्ट आरशासारखा चकचकीत केला की ताकद आली. खरी अडचण असते सीटच्या खाली, व्हॉल्व्हच्या गळ्यात. तिथली ओतकामाची कड घालवायची, वळणाची आतली बाजू गोल करायची, गाइडचा (व्हॉल्व्हची दांडी धरणाऱ्या नळीचा) फुगवटा निमुळता करायचा आणि सीटला 30, 45, 60 असे तीन कोन द्यायचे. निळाई (खूण पाहायचा निळा रंग) लावून व्हॉल्व्ह फिरवला की सीटवर सलग, सारख्या रुंदीची रेघ उठली पाहिजे. इन्टेक, म्हणजे मिश्रण आत येण्याचा, पोर्ट आम्ही थोडा खरखरीतच सोडतो.

शेवरलेच्या 235 घन इंचाच्या इंजिनात हे काम आणखी नाजूक. तिथं सहा सिलिंडरला इन्टेक पोर्ट तीनच, दोन दोन सिलिंडर एका दारातून श्वास घेतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4. मधली 3-4 ची जोडी क्रँकच्या बरोबर 360 अंशांच्या अंतराने ओढते. पण 2 नंतर 1 येतो 240 अंशांवर, आणि मग 2 ला पुन्हा यायला 480 अंश. 5 आणि 6 चंही तेच. म्हणून टोकाच्या जोड्यांना मिश्रण सारखं मिळत नाही आणि प्लग काढले की रंगात फरक दिसतो. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बदलण्याआधी हे समजून घ्यावं.

पोर्टमधून जाणारी हवा मोजायला आम्ही व्हॅक्यूमच्या मोटारी आणि रंगीत पाण्याची यू नळी वापरून बेंच बनवला. तो 10 इंच पाण्याच्या दाबावर चालतो. प्रचलित 28 इंचाशी तुलना करायला आकड्याला 1.67 ने गुणायचं. एकाच बेंचवर आधी आणि नंतर मोजलं की केलेल्या कामाचा हिशेब लागतो.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याकडच्या ऊस-मक्याचंच ते. त्याचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे वाढवलेल्या कॉम्प्रेशनला ठोका (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) कमी येतो. मात्र कार्बोरेटरची जुनी रबरं आणि कॉर्क बदलावे लागतात, जेटही थोडा मोठा लागतो.

50 वर्षांवरची गाडी 2021 च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशा मालकांना मी स्पष्ट सांगतो की मूळ हेड नुसतं दुरुस्त करून घ्या, त्याला कापू नका. ताकदीचं काम दुसऱ्या हेडवर, तेही गाडी त्या नोंदणीत घालायची नसेल तरच.

काकांची जोंगा आता कन्नडजवळचा औट्रम घाट वरच्या गिअरमध्ये चढते. सध्या लातूरच्या एका शेवरलेचं हेड बाकावर आहे. हेड पाठवायचं असेल तर मॅनिफोल्ड, पुशरॉड आणि जुनं गास्केट सोबत द्या. त्या गास्केटची जाडी मोजल्याशिवाय आम्ही कॉम्प्रेशनचा आकडा सांगत नाही.