बॅगला किती झालं आणि टी-टेस्ट काय म्हणते

सोयाबीनची मळणी उरकली की आमच्या लातूरकडं कुठल्याबी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय, बॅगला किती झालं, म्हणजे बियाण्याच्या एका पिशवीमागं किती क्विंटल निघालं. कुणी म्हणतं आठ, कुणी म्हणतं अकरा, आणि अकरावाला लगेच वाणाचं नाव टाकून मोकळा, जणू रान, पाऊस, फवारण्या हे काही नव्हतंच. मी पोटासाठी स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळं असे मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही, आणि मी काही लिहिलं की आमचे तात्या म्हणणार, "तुला काय कळतंय गं शेतीतलं." खरंय, नाही कळत. पण आठ आणि नऊ ह्यातला फरक वाणाचा का नशिबाचा, हा प्रश्न नुसता शेतीतला नाही ना.

उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी बनवलेत, मोंढ्यात जाऊन चौकशी करू नका. जुना वाण सहा शेतकऱ्यांनी पेरला, एकरी उतारा आला ७, ९, ८, १०, ६, ८ क्विंटल. नवा वाण दुसऱ्याच सहा जणांनी पेरला, त्यांना ९, १०, ८, ११, ७, ९. सरासरी काढली तर ८ आणि ९. एक क्विंटल जास्त, म्हणजे नवा वाण भारी, संपला विषय?

नाही संपला. जुन्या वाणातच एकाला ६ आणि एकाला १० झालेत, म्हणजे वाण तोच असूनबी चार क्विंटलचा खालीवर आहेच, मग त्या गोंधळात एका क्विंटलच्या फरकाला किती किंमत द्यायची? टी-टेस्ट एवढंच करते. वर सरासरीतला फरक, खाली त्या फरकाची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो फरक नुसत्या नशिबानं किती खालीवर होऊ शकतो त्याचं माप, आणि भागाकार. इथं दोन्ही गटांचा व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप, २ येतो, स्टँडर्ड एरर ०.८२, आणि टी १.२२. टी किती मोठा लागतो ते टेबलात बघायचं, त्यासाठी गटांच्या आकारावरून डिग्रीज ऑफ फ्रीडम नावाचा आकडा काढतात, सहा-सहाच्या दोन गटांना तो १०, आणि टेबलात पाच टक्क्यांना २.२३ दिलंय. टी त्याच्यावर गेला तरच फरकाला 'सिग्निफिकंट' म्हणतात, म्हणजे निव्वळ नशिबावर ढकलता येत नाही. आपलं १.२२ त्याच्या लई खाली. आता हाच एक क्विंटल फरक ठेवा पण जुन्याला ८, ८, ८.५, ७.५, ८, ८ आणि नव्याला ९, ९, ९.५, ८.५, ९, ९ असं धरा, टी थेट साडेपाचच्या आसपास जातो. सरासऱ्या त्याच हो. ग्रुपवर सरासरी टाकणारे आकड्यांचा हा पसारा कधीच सांगत नाहीत.

पी-व्हॅल्यू म्हणजे काय हे पोरांना सांगताना मी सूत्र बाजूला ठेवते. बाराच्या बारा उतारे चिठ्ठ्यांवर लिहा, गाडग्यात टाका, हलवा, आणि सहा चिठ्ठ्या काढून त्यांना 'नवा' म्हणा, उरलेल्या 'जुना'. वाणानं काहीच फरक पडत नसेल तर ही नावं कशीबी लागली तरी सारखंच. बारातून सहा काढायचे प्रकार ९२४ आहेत, त्यातल्या किती वेळा एक क्विंटल किंवा त्याच्यापेक्षा मोठा फरक, इकडं नाहीतर तिकडं, पडतो ते मोजायचं, तो हिस्सा म्हणजे पी-व्हॅल्यू. टी-टेस्टनं आपल्या पहिल्या आकड्यांची पी-व्हॅल्यू साधारण ०.२५ येते, म्हणजे वाणात काही दम नसतानाबी चारात एकदा असा फरक दिसलाच असता. एवढ्यावर बियाणं बदलायचं का ते तात्यांनी ठरवावं.

ही टेस्ट मुळात आलीच मुळी शेतमालाच्या धंद्यातून. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता, त्याच्यापुढं बार्लीचे वगैरे प्रयोग असायचे आणि सॅम्पल मोजकेच, चार-सहा. मोठ्या सॅम्पलची गणितं तिथं चालेनात म्हणून त्यानं लहान सॅम्पलसाठी हिशोब मांडला आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' ह्या टोपणनावानं छापला, म्हणून आजबी स्टुडंट्स टी. पुढं रोनाल्ड फिशर हा स्टॅटिस्टिक्सवाला इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ ला गेला आणि बाकीचा डोलारा उभा केला. आपल्याकडं कृषी विद्यापीठाचा कुठलाबी थेसिस उघडा, परभणीचा घ्या नाहीतर राहुरीचा, त्यात पानसे आणि सुखात्मे ही दोन नावं हमखास सापडतील, शेतीच्या स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक लिहिणारे ते. पोरं ती नावं उतरवून काढतात आणि पुढं जातात.

थेसिसवरून आठवलं. दरवर्षी कुणीतरी तोंड पाडून येतंच. "मॅडम, एनएस आलंय. आता काय करू?" एनएस म्हणजे नॉन-सिग्निफिकंट, टी टेबलातल्या आकड्याच्या खाली राहिला. काय करायचं, एनएस लिहायचं बाळा. पण त्याच्यापुढं 'दोन्ही वाण सारखेच आहेत' असं लिहू नकोस. आपल्याच उदाहरणात बघा, फरकाची ९५ टक्क्यांची रेंज, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याचा अंदाज, काढली तर उणे ०.८ पासून अधिक २.८ क्विंटलपर्यंत जाते. म्हणजे नवा वाण थोडा वाईटबी असू शकतो आणि एकरी पावणेतीन क्विंटल जास्त देणाराबी असू शकतो. ह्याला सारखे म्हणायचं? ह्याला म्हणायचं सहा-सहा रानं पुरली नाहीत. मला विचाराल तर टेबलात एनएस छापून ही रेंज न देणं ही निव्वळ आळशीपणाची सवय आहे, आणि गाईड लोकच ती लावतात.

दोन गटांचा व्हेरियन्स सारखा आहे का ते आधी तपासा आणि मग टेस्ट निवडा, असं जुन्या नोट्समध्ये असतंय. मी म्हणते सरळ वेल्च, म्हणजे टी-टेस्टचाच दुसरा प्रकार, वापरा, तो वेगळा व्हेरियन्स धरूनच चालतो, आणि सारखा असला तरी काही बिघडत नाही. लहान गटात पसारा जास्त असेल तर साधी टी-टेस्ट नसलेला फरक दाखवते, ते दुखणं ह्यानं टळतं. एक्सेलात टी-टेस्टच्या फंक्शनला शेवटी १, २ का ३ विचारतात, तिथं ३. आणि वाण पाच असतील तर जोड्या लावत बसू नका, दहा जोड्या होतात, सगळे वाण सारखे असले तरी कुठंतरी एक खोटा 'सिग्निफिकंट' निघायची शक्यता पाच टक्के राहत नाही, पाव हिश्शाच्या आसपास जाते. आधी अनोव्हा, म्हणजे सगळ्या वाणांची एकदम टेस्ट, मग टुकी, म्हणजे ही खोटी शक्यता आवरून जोड्या तपासणारी टेस्ट.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायलेय. दोन गटांच्या टी-टेस्टला सॅम्पल 'इंडिपेंडंट', म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र, लागतात, आणि ह्या शब्दाकडं कुणी बघतच नाही. एका पोरानं मला डेटा दाखवला, दोन वाण, प्रत्येकी वीस सॅम्पल, टी मस्त मोठा, पोरगं खूश. मी विचारलं वीस रानं कुठं मिळाली रे? तर रान एकच. धुऱ्याकडच्या अर्ध्यात एक वाण, विहिरीकडच्या अर्ध्यात दुसरा, आणि प्रत्येक अर्ध्यात मीटर बाय मीटरचे वीस चौकोन कापून वजनं केलेली. आता आपल्याकडची रानं माहितीयत, एका टोकाला काळी भारी जमीन आणि त्याच तुकड्यात दुसऱ्या टोकाला मुरमाड, शिवाय धुऱ्याला लिंबाचं झाड, त्याच्या सावलीत काय येणार. ते वीस चौकोन एकाच पट्ट्याची वीस वजनं आहेत, वाणाची वीस उत्तरं नाहीत. प्रत्येक वाणाला पट्टा एकच मिळालाय, आणि एका-एका पट्ट्यावरून वाणाचा गुण वेगळा आणि मातीचा वेगळा असं कुठलंच सॉफ्टवेअर काढून देत नाही. फिशरनं लॉटरी पद्धतीनं प्लॉट वाटायला लावले, प्रत्येक वाण परत परत पेरायला लावला, ते ह्याच्यासाठी. पोरं आरबीडी आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणत असतात, ते हेच की.

आणि उलटंबी होतंय. मघाचेच बारा आकडे परत घ्या, पण बारा शेतकरी नाहीत, सहाच आहेत, आणि प्रत्येकानं आपल्याच रानात अर्ध्यात जुना, अर्ध्यात नवा पेरलाय, कुठल्या अर्ध्यात कुठला ते नाणं उडवून. पहिल्याला ७ आणि ९, दुसऱ्याला ९ आणि १०, तिसऱ्याला ८ आणि ८, मग १० आणि ११, ६ आणि ७, ८ आणि ९. आता गट स्वतंत्र राहिले नाहीत, त्यामुळं पेअर्ड टेस्ट लावायची, म्हणजे प्रत्येकाचा फरक काढायचा: २, १, ०, १, १, १. सरासरी तीच, एक क्विंटल. पण भारी रान आणि हलकं रान हा झगडा मधून निघून गेला, स्टँडर्ड एरर ०.८२ वरून ०.२६ वर आली आणि टी झाला ३.८७. डिग्रीज ऑफ फ्रीडम ५ ला टेबलात २.५७ लागतो. सिग्निफिकंट.

आकडा एकबी बदलला नाही, आणि निकाल फिरला. म्हणून कुणी नुसत्या दोन कॉलमची एक्सेल फाईल पाठवून "मॅडम कोणती टेस्ट लावू" म्हणलं की मी फाईल उघडायच्या आधी पेरणी कशी केली होती तेच विचारते, आणि निम्म्या पोरांना ते घरी फोन करून विचारावं लागतं.