जेथ्रो टल पहिल्यापासून: १२ अल्बम झाले आणि माझी यादी पार उलटी झाली

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरेच दिवस गेले, सॉरी. पावसाळ्यात निम्म्या एलपींना बुरशी धरली होती, त्यामुळे महिनाभर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं एवढंच चाललं होतं. पण आता सांगायला भरपूर आहे कारण परवाच्या रविवारी १९७९ चा स्टॉर्मवॉच संपला, म्हणजे जेथ्रो टल या इंग्लिश रॉक बँडचे १९६८ च्या धिस वॉजपासून धरून १२ स्टुडिओ अल्बम पूर्ण झाले. १२ वर्षं आणि १२ अल्बम, एकही वर्ष मोकळं नाही, आणि टूर वर वेगळ्या. हे आधीही माहीत होतं पण ओळीनं ऐकल्यावर जे अंगावर येतं ते वेगळंच.

नवीन आलेल्यांसाठी पद्धत परत सांगतो. दर रविवारी सकाळी एकच अल्बम, दोनदा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, फोन दुसऱ्या खोलीत. दुसऱ्यांदा गाण्यांचे शब्द समोर घेऊन. एलपी असेल तर एलपी, नसेल तर स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं जुन्या टेपांवरून नव्यानं केलेले रिमिक्स. वहीत त्याच दिवशी लिहायचं आणि आठवडाभर ते पान उघडायचं नाही. सुरुवात केली तेव्हा पहिल्या पानावर यादी लिहून ठेवली होती: एक नंबर अ‍ॅक्वालंग, दोन थिक अ‍ॅज अ ब्रिक, तीन स्टँड अप, आणि त्याखाली "बाकी सगळे". त्या "बाकी सगळे" वर आता काट मारलीय.

सुरुवातीचे भराभर सांगतो कारण त्यांच्यावर मागच्या वेळी लिहून झालंय. धिस वॉज हा ब्लूजवाल्या गिटारिस्ट मिक अब्राहम्सचा निम्मा अल्बम, आणि नावच असं आहे की "आम्ही असे होतो", म्हणजे निघायच्या आधीच त्यांना पुढे सरकायचं होतं. स्टँड अपमध्ये त्याच्या जागी गिटारवर मार्टिन बार आला आणि बँड इंग्लंडात थेट एक नंबरला गेला. माझ्याकडची कॉपी जुनी आहे, कव्हर उघडलं की आतून चौघांची कागदी चित्रं उभी राहतात, त्यातला एक आता मानेत वाकलाय तरी उघडताना दर वेळी भारी वाटतं. लिव्हिंग इन द पास्ट हे गाणं त्याच वर्षीचं, पाच मात्रांचं. मी ते मांडीवर हात मारून मोजलं, आपला झपताल दोन-तीन, दोन-तीन असा जातो, हे माझ्या कानाला तीन-दोन असं पडतं, पण एकदा पकडलं की पाय आपोआप हलतो आणि मोजायची गरजच राहत नाही. पाच मात्रांचं गाणं इंग्लंडच्या चार्टवर तीन नंबरला गेलं ही मला आजही फार मोठी गोष्ट वाटते.

आता अ‍ॅक्वालंग. इथे मला थोडं जपून बोलायचंय कारण आपल्यातल्या बहुतेकांचा प्रवेश त्याच दारातून झालाय, माझाही, कॉलेजला असताना. अल्बम कमी झालेला नाही, टायटल गाण्यातला बारचा सोलो अजून तसाच अंगावर काटा आणतो, आणि गाण्यातल्या म्हाताऱ्याचं चित्र बँडच्या गायक-बासरीवाल्या इयन अँडरसनच्या तेव्हाच्या बायकोनं, जेनीनं, लंडनमधल्या बेघर माणसांचे फोटो काढले होते त्यातून आलं हे माहीत असल्यावर शब्द अजून बोचतात. पण ओळीत बसवून ऐकल्यावर तो शिखर वाटत नाही, दार वाटतो. त्यात राग आहे, देवळातल्या देवाशी भांडण आहे, ते सगळं खरं आहे, पण अँडरसन तेव्हा २३ वर्षांचा होता आणि ते ऐकू येतं.

थिक अ‍ॅज अ ब्रिक जागेवरच आहे, दोन नंबर. एकच गाणं, दोन्ही बाजू मिळून पाऊण तासाच्या जवळ जाणारं, आणि कव्हर म्हणजे १२ पानांचं गावातलं वर्तमानपत्र. माझ्या कॉपीत आधीच्या मालकानं पेन्सिलीनं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं आहे. कोण माणूस असेल, कुठे बसून सोडवलं असेल, मी ते खोडलेलं नाही आणि खोडणारही नाही. पॅशन प्लेचं मात्र मत बदललं. अमेरिकेत तोही एक नंबरला गेला पण समीक्षकांनी तेव्हा त्याला झोडपून काढलं आणि आपणही ते ऐकूनच मोठे झालो, मी आधी तीनदा अर्ध्यात बंद केला होता. या वेळी शब्द घेऊन बसलो, मेलेला माणूस स्वतःच्या अंत्यविधीला हजर राहतो तिथून सुरू होणारी गोष्ट आहे हे डोक्यात ठेवलं, तर दुसरी बाजू संपेपर्यंत उठावंसं वाटलं नाही. सशाच्या चष्म्याची गोष्ट मधेच का येते ते अजून कळलेलं नाही, कुणाला कळलं असेल तर खरंच सांगा.

वॉर चाइल्ड मधला, ठीक. टू ओल्ड टू रॉक अँड रोल याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्या दोघांच्या मधला मिन्स्ट्रेल इन द गॅलरी मात्र जाऊन परत ऐका, टायटल गाण्यात आधी साधा गिटार आणि आवाज, मग बार जो घुसतो तो बराच वेळ कुणाला बोलूच देत नाही. टल म्हटलं की लोकांना एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा माणूस दिसतो, बरोबरच आहे, पण बाजूला शांतपणे उभा असलेला हा बार १९६८ च्या डिसेंबरपासून चाळीसहून जास्त वर्षं या बँडचं अर्धं वजन उचलत होता आणि मोठ्या गिटारवाल्यांच्या याद्यांत त्याचं नाव शोधावं लागतं. हे मला मनापासून खटकतं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो ते. साँग्ज फ्रॉम द वुड (१९७७), हेवी हॉर्सेस (१९७८), स्टॉर्मवॉच (१९७९). हे तीन माझे नवे एक नंबर आहेत आणि मी ते तीन वेगळे मोजतच नाही.

मुळात नावापासून घ्या. खरा जेथ्रो टल हा बर्कशायरचा शेतकरी, १७०१ च्या सुमारास त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र बनवलं. तोपर्यंत तिकडे बी हातानं फोकून टाकायचे, यानं सांगितलं की ओळीत पेरा, ठरावीक खोलीवर पेरा, म्हणजे मधून कोळपता येईल. एका वेळी तीन ओळी. म्हणजे आपली तिफणच की! आमच्या घरी माळ्यावर आजोबांची तिफण अजून आहे, वरचं चाडं, खाली तीन नळे, चाड्यावर मूठ धरायची आजी. बँडला हे नाव बुकिंग एजन्सीतल्या कुणीतरी सहज दिलं, पोरांचा शेतीशी काडीचा संबंध नव्हता, सगळी ब्लॅकपूल आणि ल्यूटनची. पण दहा वर्षांनी अँडरसन शहर सोडून शेतावर राहायला गेला आणि बँड आपल्या नावापाशी येऊन पोचला. मला हे ओळीनं ऐकल्याशिवाय दिसलंच नसतं.

साँग्ज फ्रॉम द वुडची सुरुवातच वाद्यांशिवाय, नुसते गळे एकावर एक. जॅक-इन-द-ग्रीन या गाण्यात सगळी वाद्यं अँडरसननं एकट्यानं वाजवलीत. बाहेर १९७७ साली लंडनमध्ये पंकची धामधूम, प्रत्येक जुन्या बँडला म्हातारं ठरवून बाजूला टाकणं चालू, आणि हे लोक हिरव्या कपड्यातल्या रानदेवाबद्दल गाणी करतायत. पळ काढला असं तेव्हा म्हटलं गेलं. पण बॅरी बार्लोचे ड्रम नीट ऐका, एक माप सरळ चालत नाही, पळ काढणारे लोक इतकी मेहनत घेत नाहीत.

हेवी हॉर्सेस ऐकला त्या रविवारी वडील गावाहून आले होते. टायटल गाणं नऊ मिनिटांचं आहे, शेतातले अवजड घोडे, क्लाइड्सडेल, सफोक, पर्शेरॉन, ट्रॅक्टर आल्यावर एकेक करत गेले त्याचं. वडलांना इंग्रजी गाणी कळत नाहीत, मी ओळीओळीला थांबवून सांगत होतो. घोडा खांद्यापाशी १८ हात उंच असं येतं तिथे त्यांनी मला अडवलं, म्हणाले, "अठरा हात? घोडा आहे का माडी?" आपला हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, दीड फुटाचा. तिकडचा हात म्हणजे तळव्याची रुंदी, चार इंच. मी सांगितलं की सहा फूट होतात. त्यांनी उठून दाराच्या चौकटीला हात लावून सहा फूट किती ते बघितलं आणि म्हणाले, खांद्याला एवढा म्हणजे मोठंच जनावर, याला वैरण किती लागत असेल. मग परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. मधे व्हायोलिन येतं, ते कर्व्ह्ड एअर या बँडच्या डॅरिल वेनं वाजवलंय, तिथे लय एकदम धावायला लागते, आणि तेवढ्यात ते आमच्याकडच्या शेवटच्या बैलजोडीबद्दल बोलायला लागले, १९९४ ला विकली ती. मला एवढंच माहीत होतं की विकली. कुणाला विकली, कितीला विकली आणि त्या दिवशी आजोबा जेवले नव्हते हे त्या दिवशी कळलं. वहीत मी त्या पानावर मार्क लिहिलेले नाहीत.

आणि आता जोड बघा. त्याच गाण्यात अँडरसन म्हणतो की एक दिवस तेल संपेल तेव्हा परत या घोड्यांचीच गरज लागेल. पुढच्या वर्षीचा स्टॉर्मवॉच लावा, पहिलंच गाणं नॉर्थ सी ऑइल! इंग्लंड-स्कॉटलंड तेव्हा समुद्रातल्या तेलानं हरखून गेलेलं आणि हा माणूस सांगतोय की हे थोड्या दिवसांचं आहे. पूर्ण अल्बम थंडीनं भरलेला आहे, कव्हरवर बर्फ. आत अजून एक दुःख आहे, बेस वाजवणारा जॉन ग्लॅस्कॉक हृदयाच्या आजारानं वाजवू शकत नव्हता, त्याचा बेस तीनच गाण्यांवर आहे, बाकी अँडरसननं स्वतः वाजवला. ग्लॅस्कॉक नोव्हेंबर १९७९ मध्ये गेला, २८ वर्षांचा होता. शेवटचं एलेजी हे बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या पामरनं लिहिलेलं वाद्यसंगीत आहे, ते संपल्यावर मी सुई उचलायला उठलो नाही, रेकॉर्ड तशीच फिरत राहिली.

आपल्याकडच्या मेटलवाल्यांना टल फक्त एका गोष्टीसाठी आठवतो, १९८९ चं ग्रॅमी, मेटॅलिकाच्या हातातून गेलं ते. त्यात टलची काय चूक? त्यांना तर कंपनीनंच सांगितलं होतं की येऊ नका, मिळणार नाही. एका पुरस्कारावरून पन्नास वर्षांचं काम मोजू नका एवढीच विनंती. आणि मुंबईकरांनी तरी हे विसरू नये की नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात त्यांचा इथला शो रद्द झाला, तर डिसेंबरात परत उभे राहून अनुष्का शंकरबरोबर पीडितांसाठी वाजवून गेले.

बासरीबद्दल एक. बन्सी शिकणाऱ्या मैत्रिणीला बूरे ऐकवलं, बाखचा तुकडा आहे तो. ती म्हणाली, हा फुंकताना गळ्यातूनही गातोय, आमचे गुरुजी असं करू देणार नाहीत. हे अँडरसननं रोलंड कर्क या जॅझवाल्याकडून ऐकून उचललं, आणि कितीतरी वर्षं बोटं चुकीची ठेवत होता, मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली तेव्हा लक्षात आलं आणि चाळिशी उलटल्यावर परत पहिल्यापासून शिकला. पुढच्या टप्प्यात, विशेषतः १९९५ च्या रूट्स टू ब्रँचेसमध्ये, तो फरक ऐकू येतो का ते मला नीट तपासायचंय.

सध्याची यादी: एक, ते तिन्ही. दोन, ब्रिक. तीन, मिन्स्ट्रेल. चार, अ‍ॅक्वालंग, आणि पाचला पॅशन प्ले आणि स्टँड अप यांची अजून मारामारी चालू आहे.

पुढे १९८० चा "ए" नावाचा अल्बम. ऑनलाइन मागवलेली कॉपी कडेला वाकडी निघाली, विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. दोन जाड काचांच्या मधे दाबून सपाट जागी ठेवलीय, आज नववा दिवस. सुई पहिल्या गाण्यावर अजून थोडी उडते. कुणी एलपी अशी सरळ केली असेल तर किती दिवस ठेवली ते सांगा, तोवर मी रविवारी हेवी हॉर्सेसच परत लावणार आहे, वडील पुन्हा येतायत.