लंडनच्या ग्रंथोत्सवात पुण्याचं पान

लंडनमधले बारा दिवस सांगायचे तर म्युझियमं, थेम्स आणि पाऊस एवढ्यात उरकतील. मला लिहायचंय ते किंग्ज प्लेसमधल्या एका दुपारबद्दल.

मावसबहीण कामावर गेली की मी दिवसभर एकटी. तिनेच सुचवलं, "ज्यूइश बुक वीक चालू आहे, जाऊन ये. तू रमशील." १९५२ साली सुरू झालेला हा ज्यू समाजाचा साहित्य महोत्सव. किंग्ज क्रॉस स्टेशनातून यॉर्क वेने थोडं चाललं की किंग्ज प्लेस ही कालव्याकाठची काचेची इमारत लागते. दारात पिशवी उघडून दाखवावी लागली. पुस्तकांच्या कार्यक्रमाला तपासणी, हे मला चमत्कारिक वाटलं. माझ्या मागच्या आजी मात्र न सांगताच पर्स उघडून उभ्या होत्या. "नातवाच्या शाळेतसुद्धा असंच असतं," त्या सहज म्हणाल्या. त्या सहजपणानेच मला जास्त वाईट वाटलं.

मोठं सभागृह जमिनीखाली आहे. त्याचं आतलं सगळं लाकूड पाचशे वर्षांच्या एकाच ओक वृक्षाचं म्हणे. यिडिशमधून, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जुन्या भाषेतून, इंग्रजीत अनुवाद करण्यावर चर्चा होती. बोलणारे छान होतेच, पण मला श्रोते फार आवडले. वक्त्यांना मध्येच अडवत होते, एकमेकांना खोडून काढत होते आणि तेही किती आपुलकीने! दोन ज्यू जमले की तीन मतं, असं ते स्वतःच म्हणतात. आपल्या संमेलनांत श्रोत्याला इतका वेळ मिळाला तर काय बहार येईल, हे सारखं मनात येत होतं.

मध्यंतरात त्याच आजी चहाच्या रांगेत भेटल्या. पुरीम हा ज्यूंचा सण जवळ आला होता. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि एक त्रिकोणी हामानताश माझ्या हातावर ठेवलं. आत काळ्या खसखशीचं सारण, वरचं आवरण खुसखुशीत. आमच्या करंजीचीच कुणीतरी चुलत बहीण! मी त्यांना सांगितलं की आमच्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पुरीमला 'होळीचा सण' म्हणत आले, आणि त्यांच्या एका उपासाचं नाव चक्क 'बिरड्याचा सण' आहे.

"तुमच्याकडचे म्हणजे?"

कोकण, मुंबई, पुणे. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं जहाज, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची त्यांच्यात सांगतात ती कथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेलं 'शनिवार तेली' हे नाव, सगळं मी भडाभडा सांगत सुटले. मग आठवलं, माझ्या फोनमध्ये १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादाचे फोटो आहेत. हगादा म्हणजे पेसाह या ज्यूंच्या सणाच्या रात्री घरात सगळ्यांनी मिळून वाचायची पोथी. मी चित्राचं पान उघडलं: नेसत्या साड्यांत बायका मत्झाची, म्हणजे पेसाहच्या बिनखमिराच्या भाकरीची, तयारी करतायत. आजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. किती तरी वेळ त्या काही बोलल्याच नाहीत.

पुढच्या फोटोत मजकूर होता, हिब्रू आणि मराठी. त्या उजवीकडून हिब्रू वाचू लागल्या, मी डावीकडून मराठी. एका ठिकाणी त्यांचं वाचन थांबलं आणि त्या हलक्या आवाजात गाऊ लागल्या, "मा निश्तना हा-लायला हा-झे..." घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाने विचारायचा प्रश्न. आजची रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का? ही चाल त्यांना वडिलांनी शिकवली होती. रांग पुढे सरकली, आम्ही दोघी तिथेच.

"पुण्यात सिनेगॉग आहे?" त्यांनी विचारलं.

आहे ना! कॅम्पातलं लाल देऊळ, १८६७ सालचं, डेव्हिड ससूननी बांधलेलं. रास्ता पेठेतही एक आहे.

"आतून कसं आहे?"

मला सांगता येईना. चाळीस वर्षं त्या लाल विटांच्या मनोऱ्याखालून गेलेय, रिक्षावाल्याला खूण म्हणून 'लाल देवळापाशी' सांगितलंय, पण परवानगी काढून आत जाऊन यावं, असं एकदाही मनात आलं नाही. बेने इस्राएल लोकांबद्दल वाचलं तेही पुस्तकांतून, त्यांच्या घरी बसून नव्हे. त्यातले बहुतेक तर १९४८ नंतर इस्राएलला निघून गेले. हे सगळं मी आजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर नुसता हात ठेवला.

पुढचं सत्र सुरू होत असल्याची घोषणा झाली. आजींनी कार्यक्रमपत्रिका उलटी करून पेन माझ्यापुढे धरलं. यंदा धाकटा नातू पहिल्यांदाच तो प्रश्न विचारणार होता, त्याला दाखवायला त्यांना तो मराठीत हवा होता. मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, 'आजची रात्र वेगळी का?' त्यांनी प्रत्येक अक्षराखाली त्याचा उच्चार हिब्रूत लिहून घेतला. 'ळ'पाशी आम्ही दोघी अडलो. हिब्रूत ते अक्षरच नाही. मी तीनदा म्हणून दाखवलं, त्यांनी तीनदा जीभ वळवून पाहिली. आत टाळ्या वाजल्या तेव्हा आम्ही अजून 'ळ'वरच होतो.