माझा अनुभव : ऑनलाइन गटात व्हर्बेटिम मांडताना

इंग्लंडमधल्या मनोरुग्णांच्या वॉर्डांत चॅप्लेन म्हणून, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्याचं, काम करणारे आम्ही सहा जण दर पंधरवड्याला व्हिडिओ कॉलवर बसतो. वेळ सव्वा तास आणि प्रसंग एकच. ज्याची पाळी, त्याने व्हर्बेटिम लिहून आणायचं, म्हणजे रुग्णाशी झालेला संवाद आठवेल तसा शब्दशः, एका पानात.

रुग्णाचं नुसतं नाव बदलणं पुरत नाही. वय, वॉर्ड, गावही बदलावं लागतं. परदेशातल्या आपल्या छोट्या वर्तुळात ‘कोल्हापूरच्या त्या बाई’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. कागद आधी मेल करायचा नाही, स्क्रीनवरच दाखवायचा. दार बंद, कानाला हेडफोन. आणि सहभागींची यादी नीट बघायची: आपोआप टिपणं घेणारं एआय कुणाच्या तरी कॅलेंडरला जोडलेलं असतं, न बोलावता येऊन बसतं.

नमुन्यासाठी रचलेला एक तुकडा (रु. म्हणजे रुग्ण, चॅ. म्हणजे चॅप्लेन, आकडा त्यांच्या बोलण्याचा क्रम) :

रु. ४ : विठोबा सांगतो, जेवू नकोस.
चॅ. ४ : पण एकादशी तर परवाच झाली.
रु. ५ : (बराच वेळ गप्प.)

घोळ चॅ. ४ मध्ये आहे. पंचांग दुरुस्त झालं, माणूस निसटला. विठोबा खरा की भास, हा वाद तिथे घालायचाच नसतो. त्याऐवजी विचारायचं : तो आणखी काय सांगतो? नाही ऐकलं तर काय होईल? पाणी तरी पिता ना? पाण्याचं उगीच विचारत नाही. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असताना निर्जळी उपास धरला, तर शरीर कोरडं पडून रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या, हात जोरात थरथरणं, तोल जाणं सुरू होऊ शकतं. त्यामुळे असं काही कानावर आलं की त्याच शिफ्टमध्ये वॉर्डच्या प्रमुख नर्सला सांगायचं आणि नोंद करायची. ते गटाच्या बैठकीपर्यंत ठेवायचं नसतं.

वाचन दोघांनी करायचं. चॅप्लेनची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की आपला उपदेशी सूर आपल्यालाच टोचतो. मग पाच मिनिटं फक्त खुलाशाचे प्रश्न, आणि पुढचा अर्धा तास मांडणाऱ्याने माइक बंद ठेवून बाकीच्यांचं ऐकायचं. हे सगळ्यात अवघड. नाहीतर तो स्वतःची बाजू मांडत बसतो आणि बाकीचे ‘मी असतो तर’ सुरू करतात. शांतता पडली की नेट गेलं वाटून कुणीतरी घाईने बोलतं, म्हणून माइक उघडण्याआधी मनात दहा मोजायचे.

शेवटची दहा मिनिटं मांडणाऱ्याची. त्यानंतर फाइल पुसायची, डाउनलोड्समधली प्रतसुद्धा.