तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन अडकत नाही, आम्हीच थांबवतो

मेंदूच्या प्रयोगासाठी स्कॅनरमध्ये पडून बाहेर आलं की चपला घालता घालता बरेच जण हेच विचारतात, "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम मधेच अडकतो का हो? एखादं चित्र लगेच येतं, एखाद्यासाठी ताटकळायला लागतं. नुसतं अधिकचं चिन्ह बघत पडून राहायचं!"

अडकत नाही. ते रिकामे सेकंद आम्ही मोजूनमापून घातलेले असतात.

एफएमआरआयला, म्हणजे काम करणारा मेंदू टिपणाऱ्या या स्कॅनला, मेंदूतल्या पेशींचं काम थेट दिसत नाही, त्यामागोमाग येणारं रक्त दिसतं. आणि रक्ताचा कारभार संथ. चित्र दिसून गेल्यावर ५-६ सेकंदांनी सिग्नल शिखर गाठतो आणि मूळ पातळीवर यायला वीसेक सेकंद सहज घेतो. दर ४ सेकंदांनी चित्र दाखवत गेलं, तर एक लाट ओसरायच्या आत दुसरी चढते आणि हाती जवळजवळ सपाट रेघ येते.

हे सगळं वाचलेलं असूनही पहिल्याच प्रयोगात मी माती खाल्ली. आधी पडद्यावर बाण, बरोबर २ सेकंदांनी बटण दाबायचा इशारा. दर वेळी २ म्हणजे २च, त्यामुळे मी खूश. १८ जणांचे स्कॅन झाल्यावर विश्लेषणाला बसले, तर बाणाचा आणि बटणाचा आलेख जवळजवळ एकावर एक. तयारीचा सिग्नल कुठला नि दाबण्याचा कुठला, सांगताच येईना. शेजारचे काका-काकू कायम जोडीनेच येत असतील, तर अत्तराचा वास नेमका कुणाचा? कधी काकूंनी मागे रेंगाळायला हवं, कधी काकांनी एकट्यानेच यायला हवं.

पुढच्या खेपेला ते अंतर २ ते ८ सेकंदांत बदलतं ठेवलं, आणि काही बाणांनंतर इशारा दिलाच नाही. याला आम्ही जिटर म्हणतो. चित्रं भराभर दाखवायची असतील, तर ठरावीक अंतरापेक्षा असं विस्कटलेलं अंतर १० पटींहून जास्त कार्यक्षम ठरू शकतं, हे अँडर्स डेल या संशोधकांनी १९९९ साली दाखवलं होतं. मी ते १८ स्कॅन वाया घालवून शिकले.

मेंदूचा कुठला भाग उजळतो एवढंच बघायचं असेल, तर एकाच प्रकारच्या चित्रांचे १६-२० सेकंदांचे सलग गठ्ठे अजूनही सरस. फक्त पुढे काय येणार हे माणसाला कळून चुकतं आणि तो पेंगायला लागतो.

आता स्कॅनरची वेळ घेण्याआधी मी चित्रं आणि रिकाम्या सेकंदांचे हजारो क्रम संगणकावर चालवून बघते आणि त्यातला एक निवडते. म्हणून ते चिन्ह १२ सेकंद हललं नाही, तरी तेवढ्यासाठी आम्हाला बोलावण्याचा हातातला रबरी फुगा दाबू नका. परवा एका आजोबांनी "बंद पडलंय" म्हणून दाबला. स्कॅनची ती अख्खी फेरी पुन्हा घेतली.